बुरूज, चाव्या आणि नकला

दरवर्षी ५ जानेवारीला काही संगणक चालता चालता थांबत आणि पडद्यावर इंग्रजीत हुकूम उमटे : 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंका. वापरणाऱ्याने निमूटपणे ती अक्षरे टंकली की यंत्र पुन्हा कामाला लागे. हा 'जोशी' विषाणू फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरत होता. जून १९९० मध्ये तो वेगळा काढला गेला आणि त्या काळच्या विषाणूंच्या सूचीत त्याच्या मूळस्थानापुढे 'भारत' अशी नोंद झाली. त्याचा कर्ता पडद्याआडच राहिला. आडनावावरून तो आपल्यातलाच असावा असे मानायला आपल्याला आवडेल. पण जोशी गुजरातेत आहेत आणि कुमाऊंतही आहेत.

या जोशींना आपल्याकडून काय हवे होते? फक्त शुभेच्छा. आजच्या चोराला बरेच काही हवे असते. मधल्या पस्तीस वर्षांतला हा बदल समजून घेतल्याशिवाय घरातल्या संगणकाची राखण कशी करावी हे नीट उमगत नाही. मी संगणकशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवली आणि आता निवृत्तीनंतर ओळखीच्या घरांतली यंत्रे पाहायला जातो. चहाचा कप पुढे येण्याआधी प्रश्न येतो : "सर, अँटिव्हायरस कोणता घ्यावा?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो शेवटी विचारायचा आहे. त्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत. घराला वाटा किती आहेत? चाव्या कुणाकुणाकडे आहेत? आणि उद्या सारे गेलेच, तर त्याची नक्कल कुठे आहे?

शुभेच्छा ते खंडणी

आयबीएमच्या घरगुती संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू १९८६ चा. त्याचे नाव 'ब्रेन', गाव लाहोर. बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तो लिहिला आणि त्यात आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला करणाऱ्यांना चाप बसावा, असा त्यांचा खुलासा होता. म्हणजे घरगुती संगणकाच्या पहिल्या मोठ्या आजाराचे मूळ फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. हे लक्षात ठेवू. पुढे त्याची गरज पडणार आहे.

तीनच वर्षांनी, डिसेंबर १९८९ मध्ये, सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने जगभर गेल्या. वर एड्सविषयी माहिती असल्याचे लिहिले होते. फ्लॉपी घालून संगणक नव्वद वेळा सुरू केला की फायलींची नावे गोंधळून जात आणि पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी येई. पाठवणारा जोसेफ पॉप हा शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ होता. त्याच्या कुलपात एक उणीव होती : ज्या किल्लीने कुलूप लागे, तिनेच ते उघडे, आणि ती किल्ली त्या फ्लॉपीतच होती. जाणकारांनी ती शोधली आणि उतारा फुकट वाटला.

ही उणीव कशी भरून काढता येईल हे अ‍ॅडम यंग आणि मोती युंग या दोघा संशोधकांनी १९९६ मध्ये एका निबंधात, धोक्याची सूचना म्हणून, दाखवून दिले. आपल्या साध्या पितळी कुलपाचा विचार करावा. ते दाबून बंद करायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. चोराने अशी उघडी कुलपे गावभर वाटली आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली, तर कुणाचीही पेटी तो बंद करू शकतो आणि उघडण्याचे सामर्थ्य मात्र त्याच्या एकट्याकडे राहते. आजची खंडणी याच तत्त्वावर चालते. म्हणून ती फोडायला हुशार भाचा किंवा कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला पुरत नाही. तिथे हुशारी कमी पडत नाही. गणितच आडवे येते.

दरम्यान ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून एक प्रेमपत्र निघाले. ईमेलचा विषय होता 'आय लव्ह यू'. सोबतची फाइल साध्या मजकुराची दिसे, कारण तिच्या नावाचे खरे शेपूट विंडोज लपवून ठेवी; प्रत्यक्षात ती चालणारी आज्ञावली होती. उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला ती स्वतःहून जाई. म्हणजे पत्र परक्याकडून येत नसे, ओळखीच्या माणसाकडून येई. फिलिपाइन्समध्ये तेव्हा या गुन्ह्याला लागू पडणारा कायदाच नसल्याने संशयित तरुण सुटला. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमलात आला. विंडोज ते शेपूट आजही मुळात लपवूनच ठेवते. फाइल एक्सप्लोररमधल्या 'व्ह्यू' या यादीत जाऊन ते दिसू देणे, हे या लेखातले सर्वांत स्वस्त काम आहे.

हिरकणीचा कडा

हिरकणीची कथा आपण शाळेत ऐकलेली असते. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ. ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधवला. दंतकथा म्हणून ती सोडून दिली, तरी सुरक्षेचे एक अख्खे शास्त्र तिच्यात आहे. वाट दाखवणाऱ्याला शिक्षा करायची नाही, आणि वाट मात्र बुजवायची. संगणकाच्या जगात पहिल्या भागाला दोष शोधणाऱ्याचे बक्षीस म्हणतात आणि दुसऱ्याला अपडेट.

पण कथेतला एक भाग सहसा सुटतो. तिथे बुरूज उभा राहिला, तेव्हा पंचक्रोशीला कळले असणार की इथून वाट होती. एकाच गडाचा प्रश्न असल्याने बिघडले नाही. तोच कडा हजार गडांना असता आणि नऊशे गडांनी बुरूज बांधला असता, तर उरलेल्या शंभरांचे काय? अपडेटचे नेमके हेच होते. दुरुस्ती प्रसिद्ध होणे म्हणजे दोषाची जाहीर दवंडी. ती ऐकणाऱ्यांत चोरही असतात. म्हणून 'नंतर आठवण करा' या बटणावर बोट ठेवणाऱ्याचा धोका दुरुस्ती आल्यानंतर वाढतो, कमी होत नाही.

याचा पुरावा तारखांसह उपलब्ध आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती दिली. महिन्याभराने, १४ एप्रिलला, अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेकडून चोरीला गेलेले, त्याच भगदाडातून शिरणारे हत्यार जगजाहीर झाले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' सुटला. दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले. ब्रिटनच्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. दुरुस्ती आणि हल्ला यांत एकोणसाठ दिवस होते. त्यानंतरही पुष्कळ यंत्रे तशीच राहिली. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला, त्याने तीच वाट वापरली, आणि या वेळी न्हावा-शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम कोलमडले.

आपल्या घरांपुढचा आजचा प्रश्न याच जातीचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' चा नेहमीचा आधार संपला. नाव नोंदवणाऱ्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढे वर्षभर मिळण्याची सोय आहे. बाकीच्यांच्या गडावर नवा बुरूज बांधला जाणार नाही. संगणक कालच्याइतकाच चांगला चालतो, म्हणून हे जाणवत नाही. यंत्र 'विंडोज ११' पेलणारे नसेल तर त्यावर लिनक्स टाकता येते. लिहिणे, वाचणे, पत्रव्यवहार आणि युनिकोड मराठी यांसाठी ते पुरते. यांतले काहीच जमणार नसेल, तर निदान त्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

घराला आणखी एक दरवाजा असतो आणि तो भिंतीवर टांगलेला असतो. राउटर, म्हणजे ज्या डबीतून वायफाय येते ती. २०१६ मध्ये 'मिराय' या आज्ञावलीने जगभरचे राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. तिच्याजवळ गुप्त विद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठ-एक ठरावीक नाव-परवलीच्या जोड्यांची यादी होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका कंपनीवर एकदम मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्या फौजेत होते त्यांना पत्ताही नव्हता. आपल्या राउटरचा व्यवस्थापकीय परवलीचा शब्द वायफायच्या शब्दाहून वेगळा असतो. बहुतेक घरांत तो बसवणारा मुलगा ठेवून गेला तोच असतो. तो बदलायला दहा मिनिटे लागतात.

चाव्या कुणाकडे

शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत आणि कारभार त्यांच्यात वाटलेला असे. एक फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा हेतू. आपल्या घरच्या संगणकावर मात्र हवालदार, सरनौबत आणि सबनीस आपण एकटेच असतो. नवा संगणक सुरू करताना तयार होणारे पहिले खाते सर्वाधिकारी असते आणि आपण जन्मभर तेच वापरतो. त्या खात्यात चुकून चालवलेल्या आज्ञावलीलाही ते अधिकार मिळू शकतात. रोजच्या वापरासाठी साधे, मर्यादित अधिकारांचे दुसरे खाते काढावे आणि पहिले फक्त सॉफ्टवेअर बसवण्यापुरते उघडावे. नातवंडे खेळायला बसत असतील तर त्यांना तिसरे.

मग परवलीचे शब्द. आठ इंग्रजी लहान अक्षरांचे शक्य क्रम सुमारे २०,९०० कोटी होतात. आकडा मोठा वाटतो. पण एखाद्या संकेतस्थळाने परवलीचे शब्द कच्च्या पद्धतीने साठवले आणि ती यादी चोरीला गेली, तर सेकंदाला हजार कोटी प्रयत्न करणे आज एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या आवाक्यात आहे. म्हणजे एकवीस सेकंद. उलट साडेसात-पावणेआठ हजार शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेले पाच शब्द एकापुढे एक ठेवले, तर त्याच गतीने सगळे क्रम तपासायला नव्वदएक वर्षे लागतात. सहा शब्द ठेवले तर लाखो. बळ चिन्हांच्या कसरतीत नसून लांबीत आणि यदृच्छेत आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्ये हेच मान्य करून, दर काही महिन्यांनी परवलीचा शब्द बदलायला लावण्याची जुनी शिफारस मागे घेतली. २००३ मध्ये तो जुना नियम लिहिणारे बिल बर यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

साहित्यप्रेमी वाचकांना इथे एक विनंती. आवडत्या अभंगाचा पहिला चरण परवलीचा शब्द म्हणून ठेवू नये. जे पाठ आहे ते लाखो लोकांना पाठ आहे, आणि चोरांच्या याद्या पुस्तकांवरूनही तयार होतात. शब्दकोश डोळे मिटून पाच-सहा ठिकाणी उघडावा आणि बोट पडेल तो शब्द घ्यावा. रोमन लिपीत लिहिलेले मराठी शब्द उत्तम चालतात. एक शब्द दोन ठिकाणी मात्र वापरू नये. कारण पुस्तकांच्या दुकानाची यादी चोरीला गेली की चोर त्याच चावीने ईमेलचे दार लावून पाहतोच. एवढे लक्षात कसे ठेवायचे? वहीत लिहून कपाटात ठेवावे. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. पण हजारो मैलांवरच्या चोराला आपले कपाट उघडता येत नाही. ज्यांना जमेल त्यांनी परवलीच्या शब्दांची तिजोरी सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरावे. ईमेलला आणि बँकेला दुसरी चावी, म्हणजे मोबाइलवरचा संकेत, जोडलीच पाहिजे. ईमेल सर्वांत आधी. कारण इतर सगळ्या खात्यांचे विसरलेले शब्द तिथेच येतात.

दुसरी चावी चोराला मिळते ती बहुधा आपणच वाचून दाखवल्यामुळे. "बँकेतून बोलतोय, केवायसी अडलंय, हे अ‍ॅप घ्या, मी करून देतो." ते अ‍ॅप आपला पडदा त्याला दाखवते. एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. नियम सोपा आहे : फोन आपण केलेला असेल आणि क्रमांक पासबुकावरून घेतलेला असेल, तरच बोलणे पुढे न्यावे.

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याचीही एक रीत आहे. पाकिटावरचा पत्ता जसा शेवटच्या ओळीवरून गावाला पोचतो, तसा संकेतस्थळाचा पत्ता पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत उजवीकडून वाचावा. 'तुमची-बँक डॉट केवायसी-मदत डॉट कॉम' या पत्त्याचा मालक 'केवायसी-मदत' आहे. डावीकडचे बँकेचे नाव कुणीही लिहू शकतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव शेपटाकडे जायला सांगितले. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावर विसंबू नये. वाटेत कुणी ऐकत नाही, एवढेच ते सांगे. पलीकडे कोण बसले आहे ते नव्हे. क्रोमने ते चित्र २०२३ मध्ये काढूनच टाकले.

नकला

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक चंदगडी बोलीचा कोश करत होते. तीसएक वर्षे त्यांनी म्हाताऱ्या माणसांचे बोलणे कॅसेटवर टिपले, मग ते संगणकावर घेतले आणि बुरशी आलेल्या कॅसेट टाकून दिल्या. दीडशेवर ध्वनिफिती, हजारो शब्द. कोशाची पाने लावण्यासाठी एक महागडे सॉफ्टवेअर हवे होते. पुतण्याने त्याची 'क्रॅक' केलेली प्रत आणून दिली. ती बसवताना सूचना आली की अँटिव्हायरस आधी बंद करा. तो बंद झाला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी शेपूट चिकटले होते आणि प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी होती : ९८० डॉलर, बहात्तर तासांत संपर्क केल्यास निम्मे. घरगुती संगणकांवर सर्वाधिक आढळणाऱ्या खंडणीखोरांपैकी एक, 'स्टॉप', याची ही ठरलेली भाषा आहे आणि चोरटे सॉफ्टवेअर हाच त्याचा राजमार्ग. अल्वी बंधूंच्या तक्रारीला जवळजवळ चाळीस वर्षे झाली. दार तेच आहे.

"भरू का पैसे?" गुरुजींनी मला विचारले. मी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या : पैसे भरून किल्ली मिळेलच याची हमी नाही, न भरल्यास ती मिळण्याची शक्यता फार थोडी. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर अनेक कुलपांचे उतारे फुकट मिळतात. आम्ही तिथे पाहिले. संगणक इंटरनेटशी जोडलेला नसताना कुलूप लागले असते तर काही आशा होती, कारण तेव्हा 'स्टॉप' एक ठरावीक किल्ली वापरतो. यांचा संगणक जोडलेला होता. किल्ली खास त्यांच्यासाठी बनलेली होती. त्यांनी पैसे भरले नाहीत. "ज्यांनी मला हे शब्द दिले त्यांच्या नावाने चोराला पैसे द्यायचे?" एवढेच ते म्हणाले.

त्यांनी नक्कल ठेवली नव्हती असे नाही. बाहेरची हार्ड डिस्क होती, पण ती वर्षभर संगणकाला जोडलेलीच असे. संगणकाबरोबर तीही कुलूपबंद झाली. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे खोके मात्र माळ्यावर होते, म्हणून कोश होईल. शब्द उरले, उच्चार गेले. ज्यांच्या तोंडचे ते होते त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम तीन-दोन-एक असा आहे : प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. मी त्याला एक जोड देतो : एक प्रत तरी तारेपासून सुटी हवी. महिन्यातून एकदा हार्ड डिस्क जोडावी, नक्कल करावी, काढून कपाटात ठेवावी. दुसरी मुलीच्या घरी. आपल्या वाङ्मयाचा इतिहास वेगळे सांगत नाही. तुकोबांचे अभंग आपल्यापर्यंत आले त्यात संताजी जगनाडे यांच्या वह्यांचा वाटा मोठा आहे. आणि केवळ नकला पुरत नाहीत, हेही आपल्या परंपरेला ठाऊक होते. ज्ञानेश्वरीच्या प्रती गावोगावी होत्या, पण नकलाकारांनी पाठ भ्रष्ट केले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या तेव्हा शुद्ध पाठ हाती आला. आपली नक्कल उघडते का, आतला मजकूर वाचता येतो का, हे मधूनमधून ताडून पाहावे. न तपासलेली नक्कल म्हणजे नुसती समजूत.

घडल्यावर

खंडणीची चिठ्ठी दिसली की प्रथम इंटरनेट तोडावे आणि जोडलेल्या डिस्क काढाव्यात. कुलूपबंद फायली पुसू नयेत. पुढेमागे उतारा निघू शकतो. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला लेखी कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. तो गोठवायचा असेल तर पहिले काही तास मोलाचे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार येत नाही. संकेत आपणच सांगितला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान आपले. म्हणून लाजेने गप्प बसणे हा सर्वांत महागडा पर्याय ठरतो. घरातल्या वडीलधाऱ्यांवर अशा वेळी चिडू नये. चिडलो तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

आता तो पहिला प्रश्न. अँटिव्हायरस कोणता? विंडोजबरोबर येणारा चालू ठेवला तरी घराला पुरतो. विकत घ्यायचा तर पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी नव्वदच्या दशकात उभा केलेला 'क्विक हील' आहे, इतरही आहेत. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधने फुकट मिळतात. पण पहारेकरी कितीही चांगला असला, तरी मालकानेच त्याला रजा देऊन दार उघडले तर तो काय करणार?

दिवाळीच्या आधी आपण माळा झाडतो, कोनाडे पुसतो, जुनी पत्रे पुन्हा एकदा वाचून जागी ठेवतो. त्या पत्रांच्या पुढचा जमाना आता संगणकात आहे : मुलांचे फोटो, आईचा आवाज, अर्धी लिहिलेली कादंबरी. या सुट्टीत एक डिस्क आणावी, हे सारे तिच्यावर उतरवावे, त्यातली एक फाइल उघडून पाहावी आणि मग तार काढून टाकावी.